बाण निळ्यांकडे

१ डिसेंबर १९९६, रविवार

आज तिनं बाबांना 'काका' म्हटलं.

दीड वर्ष 'सर' म्हणत होती. मैदानावर सर, फोनवर सर, दारात चपला काढताना 'सर आहेत का?' आणि आज बास्केटबॉलचा सामना संपल्यावर पाण्याची बाटली पुढे करून – "काका, आधी तुम्ही घ्या." बाबांनी घेतली. त्यांना काही वाटलंसुद्धा नाही! मी टेबलावर स्कोअरशीट पुरी करत होते, तिथेच चुकले. सात नंबरचा फाऊल आठ नंबरच्या रांगेत. खोडून परत लिहिला. खोडलेलं दिसतंय.

समरा वाईट नाही. हे आधीच लिहून ठेवते. पुढे कधी वाईट लिहिलं तर माझं मला कळेल. नावड्याहून दोन बस बदलून येते, उशीर कधी नाही. कॉलेजच्या संघातून खेळायची, कॉलेज संपलं तसं पंच व्हायचं डोक्यात घेतलं. धावते छान. शिट्टी अशी वाजवते की पलीकडच्या सोसायटीचा वॉचमन उठून उभा राहतो. माझी शिट्टी म्हणजे कुकरची पहिली – झाली की नुसती वाफ गेली, कुणाला कळत नाही.

बाबा म्हणतात, "प्राची, तुझा जीव टेबलाचा आहे." म्हणजे मी टेबलाशी बसायचं आणि ती बाबांच्या बरोबरीनं पंच म्हणून मैदानावर धावणार.

३ डिसेंबर

दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलंच नव्हतं. अक्षरं आईनं शिकवली, बाकी सगळं बाबांनी. कारखान्यातून आले की तोंड धुऊन माझ्यासमोर मांडी घालून बसायचे. बेरीज स्कोअरशीटवर शिकले. भूमिती – बाहेरच्या खोलीतल्या फरशीवर खडूनं काढलेलं अर्धं बास्केटबॉलचं मैदान. इंग्रजी – नियमांचं पुस्तक. 'मांजर' आणि 'उंदीर' यांचं इंग्रजी मला 'थ्रो-इन'नंतर कळलं. रेषेबाहेरून चेंडू आत टाकायचा, पाच सेकंदांत, हे मी सहाव्या वर्षी घडघड म्हणत असे आणि पाहुण्यांना म्हणून दाखवत असे.

इतर मुलांना चाळीसजणांत एक बाई. मला एकटीला बाबा. एकटीला असण्याची सवय लागते, ती मग सुटत नाही.

८ डिसेंबर, रविवार

हौसेराव घरी आले होते. कोपरखैरण्याच्या जुन्या गावातले. जानेवारीत मुलींची स्पर्धा भरवणार आहेत, पंच आणि टेबल आमच्या जिल्हा संघटनेनं द्यायचं. संघटना म्हणजे काय – सचिव बाबा, आणि कचेरी आमची बाहेरची खोली. पत्रव्यवहाराचा पत्ताही आमच्याच घराचा. आई म्हणते, "माझ्या घराला दोन पाट्या आहेत, दोन्हींचा चहा मीच करते."

हौसेरावांचा मुलगा अमेरिकेत शिकतो. त्यानं तिकडच्या कॉलेजांचं नियमांचं पुस्तक पाठवलंय. आपल्याकडे दोघींनी एकदम चेंडू पकडला, कुणीच सोडेना, की शिट्टी होते आणि दोघींना उडी मारायला लावतात – जंप बॉल. तिकडे उडी नाही. टेबलावर एक बाण ठेवतात. बाण ज्या संघाकडे, त्यांनी रेषेबाहेरून चेंडू आत टाकायचा. मग बाण दुसऱ्या संघाकडे फिरवायचा. पुढच्या वेळी त्यांना.

"उंच पोरीच दर टायमाला बॉल नेतान," हौसेराव म्हणाले. "आमच्या गावच्या पोरी बुटक्या हायेत. बारीबारीनं द्या ना."

बाबांना आधी पटलं नाही. पण हे नियम या स्पर्धेपुरतेच, असं ठरलं. पुस्तक माझ्याकडे आलं. दोन पानांत मराठीत सार काढ म्हणाले, एक प्रत त्यांना, एक समराला. बाण फिरवायचं काम टेबलाचं. म्हणजे माझं.

मला तो नियम फार आवडला. एकदा तुला, एकदा मला. भांडण नाही, उडी नाही.

१५ डिसेंबर

सार झालं. दोन पानं, नऊ कलमं. पुन्हा पुन्हा तपासलं. आठवं कलम सगळ्यात अवघड, लिहून ठेवते म्हणजे डोक्यात बसेल. शिट्टी झाली, चेंडू टाकणारीच्या हातात दिला, तेवढ्यानं बाण फिरवायचा नाही. चेंडू आत येऊन कुणाचा तरी हात लागला की थ्रो-इन पूर्ण. तेव्हा फिरवायचा. आणि चेंडू आत यायच्या आधीच कुणी फाऊल केला, तर बाणाची पाळी वापरलीच गेली नाही – बाण तसाच. पुढच्या वेळीही चेंडू त्याच संघाला.

प्रेक्षकांना वाटेल, दोनदा एकालाच कसं. पण न्याय तोच आहे. मिळालेलं पूर्ण हातात येण्याआधीच कुणी धक्का मारला, तर ते मिळालं असं कसं म्हणायचं?

१७ डिसेंबर

एक वाईट गोष्ट केली.

झेरॉक्स काढायला गेले. बाबांच्या दोन्ही पानांची काढली. समरासाठी पहिल्या पानाची काढली आणि थांबले. दुकानदार म्हणाला, दुसरं पान? मी म्हटलं, नको.

संध्याकाळी तिला ते एक पान दिलं. ती म्हणाली, "तुझं अक्षर छापल्यासारखं आहे गं." बाबा बाजूलाच होते. ते म्हणाले, "वाच, आणि काही अडलं तर मला विचार." मला विचार म्हणाले! लिहिलं कोणी?

आठवं कलम दुसऱ्या पानावर आहे. उद्या देईन.

१८ डिसेंबर

दिलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

बाण तयार केला. मिठाईच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, वर लाल कागद, मधोमध स्क्रू आणि खाली लाकडाचा तुकडा. बोटानं फिरतो. आई म्हणाली, देवळातल्या कौलासारखं दिसतंय.

सरावाच्या सामन्यात समरा हेल्ड बॉलची – दोघींनी एकदम चेंडू धरल्याची – शिट्टी मारली की टेबलाकडे बघायची. मी बाणावर हात ठेवून मान हलवली की तिचा हात तिकडे. मला बघितल्याशिवाय तिला पुढे जाता येत नव्हतं. तेवढा वेळ बरं वाटलं. मग विश्रांतीत बाबांनी तिला मैदानाच्या मध्यावर नेऊन हात कुठल्या कोनात वर करायचा ते दाखवलं. तिचं मनगट धरून. मी तेवढ्यात पेन्सिलीला टोक काढलं. टोक झालेलं होतं, तरी.

५ जानेवारी १९९७

मार्चमध्ये पुण्याला राज्य पंच परीक्षा आहे. प्रत्येक जिल्ह्यातून बाईचं एकच नाव पाठवायचं. सचिवाच्या शिफारशीनं, एकतीस जानेवारीपर्यंत.

बाबांनी जेवताना सांगितलं. एकच नाव, आणि वाढलेला भात बोटानं उगाच सारखा करत राहिले. आईनं माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. त्यांनी आमटी मागितली.

शिट्टी वाजत नसेल माझी. पण नियम कोणाला येतात? डोळे मिटून पानाचा नंबर कोण सांगतं? परीक्षेत शिट्टीला किती मार्क असतात? मला हवंय ते. इतकं हवंय की दम लागतो.

१२ जानेवारी, रविवार

स्पर्धेचे पहिले सामने. रोजे सुरू झालेत. समरा दुपारच्या उन्हात पाण्याचा थेंब न घेता दोन सामने धावली.

घरी येईपर्यंत बाबा तेच. "उपाशीपोटी धावली पोरगी. एक चूक नाही." मी दर संकष्टीला उपास करते. त्या दिवशी मला काय ऐकायला मिळतं? साबुदाणा जरा बेतानं खा.

शेवटच्या पाच मिनिटांत तिचे ओठ पांढरे झाले होते. मला दिसलं. मी मनात म्हटलं, आता चुकेल. ती चुकली नाही. मग मला माझीच लाज वाटली. पण आधी निराशा वाटली, मग लाज. क्रम तोच होता, खोटं कशाला लिहू.

१९ जानेवारी, रविवार

अंतिम सामना. सगळं नीट लिहायला हवं.

ऐरोलीच्या मुली निळ्या, बेलापूरच्या पिवळ्या. मुख्य पंच बाबा, दुसरी पंच समरा. टेबलावर मी. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा निळे बेचाळीस, पिवळे एकेचाळीस. हेल्ड बॉल. बाण निळ्यांकडे. समरानं निळ्या मुलीला रेषेबाहेर चेंडू दिला. तिच्या हातातून तो सुटायच्या आधीच आत पिवळ्या मुलीनं दुसऱ्या निळ्या मुलीला ढकललं. समराची शिट्टी – फाऊल. चेंडू निळ्यांनाच मिळाला, पण फाऊलचा म्हणून. बाणाची पाळी वापरली गेली नव्हती. आठवं कलम. मी बाणाला हात लावला नाही. वेळ कागदाच्या कडेला टिपून ठेवली.

चाळीस सेकंद उरले आणि पुन्हा हेल्ड बॉल. बाण अजून निळ्यांकडे.

समरानं तिकडे हात केला आणि बेलापूरवाल्यांचा आरडाओरडा सुरू झाला. त्यांचे कोच टेबलाशी आले. मगाशी पण यांनाच, आता पण यांनाच, टेबल झोपलंय का म्हणून. समरा धावत आली. मी सांगितलं, "बाण बरोबर आहे. मगाचा थ्रो-इन पूर्णच झाला नव्हता." ती माझ्याकडे बघत होती. हे तिला माहीत नव्हतं. कसं असणार? मला वाटलं, आता विचारेल – हे कुठं लिहिलंय? तिनं विचारलं नाही. वळली आणि परत निळ्यांकडे हात केला.

मग बाबा आले.

"आळीपाळीनं म्हणजे आळीपाळीनं. मगाशी त्यांना, आता ह्यांना. बाण फिरव."

समरा मध्ये उभी राहिली. "सर, टेबल सांगतंय ते बरोबर आहे."

"मुख्य पंच मी आहे. प्राची, फिरव."

दोन्ही पानं बाबांच्या बॅगेत होती. बॅग माझ्या खुर्चीखाली होती. वाकून काढायला दहा सेकंद लागले असते.

मी बाण फिरवला.

पिवळ्यांनी चेंडू आत टाकला, बास्केट केली, त्रेचाळीस-बेचाळीस, संपलं. ऐरोलीची बुटकी कॅप्टन तिथेच खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिली. सोडलेल्या नाड्या परत बांधून परत सोडल्या. प्रेक्षकांत कोणीतरी म्हणालं, त्या पंच बाईला नियमच माहीत नाही, मुख्य पंचाशी वाद घालते. समरानं ऐकलं. शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली आणि रोजा सोडायच्या वेळेआधी घरी पोचायचं म्हणून निघाली. माझ्याकडे बघून हात हलवला.

२० जानेवारी

बाबा पुण्याला माझं नाव पाठवणार आहेत!

सकाळी दाढी करता करता आईला सांगितलं, मला थेट नाही. समराला अजून वेळ आहे म्हणाले. मैदानावर उलट बोलणं बरं नव्हे. आईनं देवापुढे साखर ठेवली.

मला आनंद झाला पाहिजे. होईल.

२१ जानेवारी

झाला नाही.

२३ जानेवारी

शिफारशीचं पाकीट बाबांच्या टेबलावर आहे, अजून उघडंच. एकतीसला कुरिअरनं जाईल. येता-जाता दिसतं. आज तीनदा नाव वाचलं, स्पेलिंग बरोबर आहे.

स्पर्धेपासून समराचा फोन नाही. बाबांचा चेहरा उतरल्यासारखा वाटतो. तिची आठवण येते का त्यांना? मी एवढी जवळ असताना? मी जिंकले ना आता? तरी तेच मनात येतं.

२५ जानेवारी, शनिवार

नावड्याला गेले. घरी सांगितलं की लायब्ररीत जाते.

समराच्या आईनं – जाहिदाकाकू – पुढे सरबत ठेवलं. घरात सगळ्यांचा रोजा. मी घोट घेईना. त्या म्हणाल्या, "पी गं पोरी, रोजा आमचा आहे, तुझा नाय." अर्धा पेला प्यायले आणि उरलेल्याचं काय करायचं कळेना.

त्या आत गेल्यावर समराला सांगितलं. दुसरं पान होतं. मी मुद्दाम दिलं नाही. आठवं कलम त्यात होतं. तुझं नाव खराब झालं ते माझ्यामुळे. पाठ करून गेले होते, तसं म्हणून टाकलं.

ती उठली आणि कपाटातून तो झेरॉक्स घेऊन आली. तळाशी बोट ठेवलं. तिथे माझ्या छापल्यासारख्या अक्षरात – कृ. मा. प. कृपया मागे पहा! मीच लिहिलेलं. तिनं कागद उलटा केला. कोरा.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला," ती म्हणाली.

"मग मागितलं का नाहीस?"

"तुला द्यायचं नाही हे कळलं. मग मागून काय करू?" कागदाची घडी घालत म्हणाली, "आणि काकांना काका म्हटलं तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खरं सांगू? मजा आली. म्हणून चालू ठेवलं."

मी विचारलं, त्या दिवशी नियम माहीत नसताना बाबांसमोर कशी उभी राहिलीस. तिला प्रश्नच कळला नाही जणू.

"तू सांगितलंस ना. तू कधी चुकतेस?"

बसमध्ये खिडकीशी बसून पुण्याला कोण जाणार याचा विचार केला. तिला सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

आणि हेही लिहिते. उतरेपर्यंत मला तिचा पुन्हा हेवा वाटायला लागला होता. यावेळी बाबांवरून नाही. ती माझ्या शब्दावर उभी राहिली आणि मी माझ्या शब्दावर राहिले नाही, त्यावरून.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीचं झेंडावंदन झाल्यावर बाबा टेबलाशी बसले होते. मी दुसरं पान त्यांच्यासमोर ठेवलं. आठव्या कलमाखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. म्हटलं, "बाबा, तुम्ही चुकलात."

एकवीस वर्षांत हे वाक्य मी कधी म्हटलं नव्हतं. म्हणताना आवाज आला की नाही तेही कळलं नाही. पण त्यांना ऐकू गेलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्याच दिवशी घरी येऊन वाचलं."

आठवडा झाला! आठवडाभर त्यांना माहीत होतं.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही. ते म्हणाले, संपलेला सामना परत उघडत नसतात. मुख्य पंच असा निर्णय बदलायला लागला तर शिट्टीला कोण विचारेल. समरा तरुण आहे, पुढच्या वर्षी जाईल. सगळं हळू आवाजात, मला लहानपणी गणित समजावत तसं.

"आणि माझं नाव कशासाठी? मला नियम येतात म्हणून?"

बाबांनी पान माझ्याकडे परत सरकवलं. "तू माझं ऐकलंस म्हणून."

मी पान घेऊन आत आले. हेच मला हवं होतं. बाबांनी तिला सोडून मला निवडावं. निवडलं.

२७ जानेवारी, सोमवार

दिवसभर पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटचं अर्ध्या पानाचं आहे. सामन्याचा दिवस, किती वेळ उरला होता, कलम आठ. बाण बरोबर होता. मुख्य पंचांच्या सांगण्यावरून मी तो चुकीचा फिरवला. पंच समरा यांचा निर्णय योग्य होता. नियमांचं दुसरं पान त्यांना मी हेतुपुरस्सर दिलं नव्हतं, सबब शिफारशीतून माझं नाव काढावं.

मग पाकिटावर पत्ता लिहायला घेतला. संघटनेकडे तक्रार करायची तर सचिवांच्या नावे. म्हणजे बाबांच्या. पत्ता – आमचाच. उठून बाहेरच्या खोलीत जाऊन हातात दिलं असतं तरी चाललं असतं. पण हातात दिलं की ते म्हणतील 'बस इथे', आणि मी बसेन. मी मला ओळखते.

आदरणीय सचिव महोदय असं लिहिलं, तिकीट लावलं, वाशीला जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकलं. पेटीत हात घालून बघितलं, खाली पडलं का. मग पुन्हा घातला.

२८ जानेवारी

बाबांनी विचारलं, भूक नाही का. दमा उठलाय का. मी म्हटलं, नाही.

२९ जानेवारी

पोस्टमन आला. विजेचं बिल.

३० जानेवारी, गुरुवार

आलं. आईनं इतर टपालाबरोबर बाबांच्या टेबलावर ठेवलं. अक्षर तिनं ओळखलं असणार.

बाबांनी संध्याकाळी पट्टीनं पाकीट कापलं. उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मग संघटनेचं आवक-जावक रजिस्टर उघडलं आणि बराच वेळ लिहीत होते. ते हातपाय धुवायला गेल्यावर मी बघितलं. आवक क्रमांक एक्केचाळीस. पाठवणार – कु. प्राची दिलीप मठकर. विषय – मुख्य पंचांच्या चुकीबाबत. शेरा – तक्रार मान्य.

जेवताना बाबा माझ्याशी बोलले नाहीत. आमटी आईकडे मागितली. हात धुऊन मात्र माझ्यासमोर येऊन उभे राहिले, पेन उघडून.

"समराच्या वडिलांचं पूर्ण नाव काय? फॉर्मवर लागतं."

मी सांगितलं – अब्दुर्रहमान. जोडाक्षर त्यांना जमेना. मी लिहून दिलं.